सही केल्यावर हातात काय उरतं?

माझा भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बसतो, रात्री दहाला खोलीवर परततो आणि रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला येतो. मागच्या रविवारी जेवण झाल्यावर त्याने सराव परीक्षेचा एक पेपर माझ्यापुढे ठेवला. प्रश्न राजकीय वास्तववादावर, म्हणजे देश सत्तेच्या आणि स्वतःच्या हिताच्या हिशेबाने वागतात असं मानणाऱ्या विचारावर होता आणि त्याच्या उत्तराचं पहिलंच वाक्य होतं, ‘वास्तववाद म्हणजे बळी तो कान पिळी.’ दहापैकी चार गुण. शेरा काहीच नाही.

"मावशी, यात चुकलं काय?"

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्याला म्हटलं, चुकलेलं नाही, अर्ध्यावर थांबलेलं आहे. आणि अर्ध्यावर थांबणारा तो एकटा नाही. कुणी कुणाला गंडवलं, ऐनवेळी बाजू बदलली की आपण लगेच ‘चाणक्यनीती’ म्हणून मोकळे होतो. वास्तववाद म्हणजे लबाडी, निदान निर्दयपणा, असं मनात पक्कं बसलेलं असतं. मला हा विषय फार जवळचा आहे, म्हणून त्या दुपारी त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात मी आमच्या वाड्यातल्या नळापासून केली.

मी कसबा पेठेत वाढले. वाड्यात आठ बिऱ्हाडं आणि रस्त्यावरून आत येणारी पाण्याची एकच लाइन. उन्हाळ्यात पाणी पहाटे चारला यायचं आणि दीड तासात जायचं. एका वर्षी धार फारच बारीक झाली, तेव्हा खालच्या एका बिऱ्हाडाने नळाला मोटार लावली. त्यांच्या घरी बाळंतीण होती, पाणी जास्त लागायचं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्यांची मोटार घुर्र करून सुरू झाली की आमच्या नळाची धार सुतासारखी व्हायची, मग तुटायची आणि नळ उलटी हवा ओढायला लागायचा. मी नळाच्या तोंडावर तळवा धरून बघायचे, तर तो चिकटून बसायचा. बाबांना मोटार लावणं पसंत नव्हतं. आठ दिवस त्यांनी कळ काढली, नवव्या दिवशी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार घेऊन आले. महिन्याभरात वाड्यात आठ मोटारी झाल्या. पाणी पूर्वीइतकंच, विजेचं बिल वाढलेलं, आणि जिन्यात भेटल्यावर माणसं एकमेकांशी तुटक बोलू लागलेली.

आता यात दुष्ट कोण होतं? कुणीच नाही. वास्तववादाचा गाभा मला इथेच दिसतो. पहाटे चार वाजता सगळ्यांच्या वर बसून ‘कुणीही मोटार लावायची नाही’ असं म्हणणारा आणि ते पाळायला लावणारा कुणी नव्हता. शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते दिसत नव्हतं, दिसत होती फक्त मोटार. आणि एकाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली गोष्ट दुसऱ्याच्या गळ्याशी येत होती.

देशांचं असंच असतं, असं वास्तववादी म्हणतात. देशाच्या आत पोलीस असतात, कोर्ट असतं. देशांच्या वर कुणी नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आहे, पण ज्या पाच देशांकडे नकाराधिकार आहे त्यांच्यावर तो काही लादू शकत नाही. या अवस्थेला अभ्यासक अराजक म्हणतात. मराठीत अराजक म्हटलं की जाळपोळ आणि गोंधळ डोळ्यांसमोर येतो. इथे अर्थ अगदी साधा आहे: वर राजा नाही. वर राजा नसला की मोठा मासा छोट्याला खातो, याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, मात्स्यन्याय. अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी 1979 मध्ये या मुद्द्याची नीट शास्त्रशुद्ध मांडणी केली. राष्ट्रं भांडतात ती राज्यकर्ते वाईट असतात म्हणूनच असं नाही, राज्यकर्ते सज्जन असले तरी रचनाच त्यांना तिकडे ढकलते, असं त्यांचं म्हणणं.

मोटारींची हीच साखळी आपल्या भागात अण्वस्त्रांची झाली. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं. 1964 मध्ये चीनने पहिली अणुचाचणी केली. 1974 मध्ये आपण पोखरणला केली, पुन्हा मे 1998 मध्ये केल्या, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला पाकिस्तानने केल्या. प्रत्येक जण म्हणत होता की हे केवळ बचावासाठी, आणि बहुतेक ते खरंही होतं. पण शेजाऱ्याला ऐकू गेली ती मोटार. अभ्यासक याला सुरक्षेचा पेच म्हणतात.

भाच्याला हे पटलं, पण तो म्हणाला, "मग बळी तो कान पिळी हेच झालं की."

तेव्हा मी त्याला मेलॉसची गोष्ट सांगितली. इसवी सन पूर्व 416. अथेन्स आणि स्पार्टा यांचं दीर्घ युद्ध चालू होतं आणि मेलॉस नावाचं एक छोटं बेट दोघांच्या भांडणात पडायला तयार नव्हतं. अथेन्सचं आरमार तिथे आलं, शरण या म्हणाले. मेलॉसचे लोक न्यायाबद्दल बोलू लागले. अथेन्सचे दूत जे म्हणाले त्याचा मथितार्थ असा, की न्यायाची भाषा बरोबरीच्यांत चालते, एरवी बलवान जमेल ते करतो आणि दुबळा सोसावं लागेल ते सोसतो. मेलॉस झुकलं नाही. वेढा पडला, बेट पडलं, पुरुषांना मारलं, बायका-मुलांना गुलाम करून विकलं.

बहुतेक लोक ही गोष्ट इथे थांबवतात आणि म्हणतात, बघा, जग असं आहे. पण ती लिहून ठेवणारा थ्युसिडिडीझ तिथे थांबला नाही. तो स्वतः अथेन्सचा सेनापती होता, एक शहर वाचवू न शकल्याबद्दल हद्दपार झालेला. मेलॉसनंतर लगेच तो सिसिलीच्या मोहिमेकडे वळतो. मेलॉस चिरडलेलं अथेन्स दुसऱ्याच वर्षी समुद्रापलीकडच्या सिसिलीवर चालून गेलं. घराजवळचा शत्रू जिवंत असताना, त्या बेटाचा आवाका नीट न जोखता. दोन वर्षांत ते आरमार आणि ती सेना बुडाली, आणि इसवी सन पूर्व 404 मध्ये अथेन्स स्वतः स्पार्टाला शरण गेलं. कान पिळणाऱ्याला आपल्या बळाची हद्द कळली नाही. थ्युसिडिडीझ आपल्याला हेच दाखवू पाहत होता असं मला वाटतं, आणि वास्तववादाचा हा दुसरा अर्धा भाग भाच्याच्या उत्तरात नव्हता.

या परंपरेतलं दुसरं घरोघरी माहीत असलेलं नाव मॅकियाव्हेली. फ्लॉरेन्सचा हा अधिकारी सत्तापालटात पदावरून गेला, तुरुंगात छळ सोसला आणि 1513 मध्ये त्याने राज्यकर्त्यांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. सिंह व्हावं आणि कोल्हाही व्हावं, हा त्यातला सल्ला सगळ्यांना पाठ असतो. सिंहाला सापळे ओळखता येत नाहीत, कोल्ह्याला लांडग्यांपासून वाचता येत नाही, म्हणून दोन्ही. त्याच्यावर मी इथे अधिक थांबत नाही, कारण मला कौटिल्याकडे, म्हणजे चाणक्याकडे जायचं आहे.

ज्याचं नाव घेऊन आपण लबाडीचं कौतुक करतो, त्या कौटिल्याने परराष्ट्र धोरणाचे सहा मार्ग सांगितले: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. म्हणजे तह करणं, वैर घेणं, स्वस्थ बसणं, चाल करून जाण्याची तयारी करणं, दुसऱ्याचा आसरा घेणं, आणि एकाशी तह करून दुसऱ्याशी लढणं. सहांत सरळ लढाईकडे जाणारे किती आहेत ते मोजावं. स्वस्थ बसणं हेसुद्धा धोरण म्हणून मोजलेलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे तो सांगतो की संधी आणि युद्ध या दोन्हींतून सारखाच लाभ होणार असेल तर संधी करावी, कारण युद्धात माणसं मरतात, पैसा जातो, घरापासून दूर राहावं लागतं आणि संकटं ओढवतात. हा माणूस रक्ताला चटावलेला नाही, तो जमाखर्च मांडून बसलेला आहे.

इथवर आल्यावर मी भाच्याला म्हटलं, चल, पर्वतीवर जाऊ. संध्याकाळ होत आली होती. माझे गुडघे आता दर वीस पायऱ्यांना थांबायला लावतात, पण वर गेल्यावर जे सांगायचं होतं ते खाली बसून सांगता आलं नसतं. वरून आग्नेयेकडे बघितलं तर हवा स्वच्छ असताना पुरंदराची बाजू कळते, नैऋत्येला सिंहगड तर ठळकच दिसतो, आणि वायव्येला, आता इमारतींच्या गर्दीत बुडालेलं, गणेशखिंड आणि खडकी. वास्तववाद समजून घ्यायला एवढा पट पुरेसा आहे.

पहिला तह पुरंदरचा, जून 1665. मिर्झाराजे जयसिंह प्रचंड फौज घेऊन आले, पुरंदरला वेढा दिला. वज्रगड पडला, मुरारबाजी पडले, मोगली तुकड्या मुलूख उजाड करत होत्या. शिवाजी महाराज स्वतः जयसिंहांच्या छावणीत गेले आणि तह केला. 23 किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला, 12 किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राखला. त्या दिवशी हिशेब बघणाऱ्याला वाटलं असतं, संपलं.

आता त्या यादीकडे दुसऱ्या बाजूने बघा. काय दिलं ते आपण शाळेत घोकतो, काय राखलं ते घोकत नाही. किल्ले दिले, पण किल्ले सर करणारी माणसं राखली. महाराजांची स्वतःची फौज राहिली, राजगड राहिला, कारभार राहिला. मोगलांच्या मोहिमेत सामील व्हायचं कबूल केलं, शंभूराजांच्या नावे पाच हजारी मनसब घेतली, म्हणजे वाकण्याची सगळी चिन्हं दिली. पण पुन्हा उभं राहायला जे लागतं ते कुणाच्या स्वाधीन केलं नाही. मधे आग्र्याचं संकट आलं, त्यातून सुटका झाली, त्यानंतर दोन-तीन वर्षं शांतपणे घडी बसवण्यात गेली. हे कौटिल्याचं आसन. आणि 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला, पुढच्याच महिन्यात पुरंदर परत आला.

दुसरा तह वसईचा, 31 डिसेंबर 1802. त्याच्या आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय तो कळत नाही. नाना फडणवीसांच्या काळात पुण्याला एक कसब चांगलं साधलेलं होतं: कुणा एकाला फार मोठं होऊ द्यायचं नाही. इंग्रज डोईजड होऊ लागले तेव्हा 1780 च्या सुमारास नानांनी म्हैसूरच्या ज्या हैदरशी मराठे वर्षानुवर्षं लढले त्यालाच बरोबर घेतलं, निजामाला आणि नागपूरकरांनाही जोडलं. याला सत्तेचा समतोल म्हणतात. मैत्री किंवा वैर कायमचं नसतं, वजन कुठे झुकतंय ते बघून आपण दुसऱ्या पारड्यात बसायचं. पण पुढे 1790 मध्ये टिपूविरुद्ध पुणं इंग्रजांच्या बाजूला गेलं. कारणं होती, कृष्णेपलीकडचा मुलूख टिपूकडून परत मिळवायचा होता आणि तो बराचसा मिळालाही. पण तराजूच्या भाषेत ही चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. 1798 मध्ये निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली, म्हणजे आपल्या खर्चाने पोसायच्या इंग्रजी फौजेखाली गेला, 1799 मध्ये टिपू मारला गेला, 1800 च्या मार्चमध्ये नाना गेले. दोन वर्षांत दक्षिणेत इंग्रजांसमोर पारड्यात टाकायला मराठ्यांखेरीज कुणी उरलं नाही, आणि मराठे आपसांत लढत होते.

25 ऑक्टोबर 1802 ला ऐन दिवाळीत हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव आधी सिंहगडाकडे, मग कोकणात उतरले आणि शेवटी इंग्रजांच्या आसऱ्याला वसईला गेले. तिथे त्यांनी सही केली. आपल्या मुलुखात किमान सहा हजार इंग्रजी पायदळ तोफखान्यासह कायम ठेवायचं, त्याच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी व्यवहार करायचा नाही.

भाचा कठड्याला टेकून ऐकत होता. मी त्याला विचारलं, पुरंदरला 23 किल्ले गेले, वसईला किल्ले गेले का?

तो म्हणाला, "किल्ले नाही गेले. निर्णय गेला."

मुलूख परत घेता येतो, कारण तो घेणारा हात आपला असतो. बाजीरावांनी तो हातच लिहून दिला. कौटिल्याच्या सहा मार्गांत संश्रयही आहे, आसरा घेण्यात स्वतःत काही वावगं नाही. पण ज्याच्या आसऱ्याला जायचं त्याचं स्वतःचं गणित काय आहे, तो आपल्याला परत सोडील का, हे जोखावं लागतं. आणि हे जोखायला बाजीरावांना पुस्तकी विद्वत्तेची गरज नव्हती. कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य 1715 च्या सुमारास स्वच्छ लिहून गेले होते की टोपीकर, म्हणजे युरोपी व्यापारी, सावकारी करतात, पण ते वरकड सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रकाठची जागा देऊ नये. व्यापारी तोंडाने काय बोलतो याकडे न बघता त्याच्यामागे तोफा किती आहेत ते बघा, हा या देशातल्या माणसाने दिलेला शुद्ध वास्तववादी सल्ला आहे.

पर्वतीवरच्या वाड्याच्या खिडकीतून 5 नोव्हेंबर 1817 ला बाजीराव खडकीची लढाई बघत होते, असं सांगतात. त्यांचे सेनापती बापू गोखले लढत होते. त्याच महिन्याच्या 17 तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, आणि पुढच्या जूनमध्ये बाजीराव शरण जाऊन आठ लाखांच्या वार्षिक पेन्शनवर बिठूरला गेले. आम्ही त्या बाजूला बघत उभे होतो तेव्हा खाली सिंहगड रस्त्यावर दिवे लागत होते.

उतरताना भाच्याने नेतृत्वाचं विचारलं, कारण प्रश्नपत्रिकेत तोही भाग होता. वास्तववादाने घडलेला नेता कसा ओळखायचा? मी त्याला 1971 कडे बघायला सांगितलं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, लगेच कारवाई करा असा दबाव होता. दिल्लीने पावसाळा जाऊ दिला. जुलैमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार किसिंजर गुपचूप चीनला जाऊन आले, म्हणजे अमेरिका, चीन आणि पाकिस्तान एका बाजूला येताना दिसू लागले. तेव्हा अलिप्ततेचं नाव घेणाऱ्या भारताने 9 ऑगस्टला सोव्हिएत युनियनशी करार केला: कुणावर हल्ला झाला तर दोघांनी तातडीने सल्लामसलत करायची. हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होण्याच्या हंगामात, डिसेंबरमध्ये, युद्ध झालं. अमेरिकेने अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली, तरी 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. यात संश्रय आहे, आसन आहे, यान आहे. आणि नेमकं इथेच वसईशी तुलना करावी: सोव्हिएत कराराने आपल्या फौजेवर दुसऱ्याचा अंमल आला नाही.

एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, आणि ती कळल्यावर तो पायरीवर थांबला. विसाव्या शतकातले हान्स मॉर्गेन्थाउ, ज्यांना आधुनिक वास्तववादाचे जनक म्हणतात, ते अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाचे कडवे विरोधक होते. 2002 च्या सप्टेंबरमध्ये इराकवर हल्ला करू नका असं सांगणारी जाहिरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दिली, त्यांत वॉल्ट्झ आणि मिअरशायमर होते, म्हणजे वास्तववादातली सर्वांत मोठी नावं. सत्तेचा अभ्यास करणारेच युद्धाला नको म्हणत होते. कारण त्यांचा पहिला प्रश्न असतो: यात आपल्या जिवावर बेतणारं काय आहे? आणि दुसरा: जिंकल्यावर काय? जगाला सुधारायला निघालेल्या माणसाला हे प्रश्न पडत नाहीत, म्हणून मला तो जास्त भीतिदायक वाटतो.

पण या विचाराला मी सगळीच्या सगळी मान तुकवत नाही, आणि हे मी भाच्यालाही उत्तरात लिहायला सांगितलं. वास्तववाद काय होतं ते सांगतो. जे होतं तेच योग्य, असं तो सांगत नाही, पण त्याचा आधार घेणारे बरेचदा ही रेघ पुसून टाकतात. मेलॉसच्या बायका-मुलांचं काय झालं हे ‘जग असंच आहे’ म्हणून हातावेगळं करता येत नाही.

शिवाय हा हिशेब काही गोष्टी मोजूच शकत नाही. औरंगजेब 1681 मध्ये दक्षिणेत उतरला तेव्हा त्याच्याकडे हिंदुस्थानातली सर्वांत मोठी फौज आणि सर्वांत मोठा खजिना होता. 1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजधानी रायगड पडला, नवे छत्रपती दूर जिंजीला. तोफा, घोडे, होन, काहीही मोजा, उत्तर एकच येत होतं. आणि तरी 1707 मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मेला, मराठे मेले नाहीत. संताजी-धनाजींच्या फौजा, लांबलेल्या रसदीचे मोगली तळ, डोंगराळ मुलूख, हे सगळं वास्तववाद्याला समजावून सांगता येईल. पण गावोगावच्या माणसाने, त्याला पगार द्यायला जवळ राजा नसताना, घोड्यावर बसायचं का ठरवलं, हे त्याच्या तराजूत कुठे ठेवायचं ते मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

भाच्याने विचारलं, हे शेवटचं पेपरात लिहू का. मी म्हटलं, लिही, आणि गुण गेले तर जाऊ देत.